ठिपके गेले, आठवड्याने परत आले: टँकमधल्या इकचा पक्का बंदोबस्त

इक, म्हणजे माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आणणारा आजार, याची तक्रार जवळजवळ नेहमी सारखीच असते. गोल्डफिशच्या शेपटीवर रवा चिकटल्यासारखे पांढरे कण दिसले. दुकानातून निळे औषध आणले, तीन दिवस थेंब टाकले, कण गेले. पाच-सहा दिवसांनी ते परत आले, आणि या खेपेला एकाऐवजी चार माशांवर. पुन्हा औषध, पुन्हा थोडे दिवस आराम. तिसऱ्या फेरीत मासे मरू लागतात आणि दोष औषधाला, पाण्याला किंवा दुकानदाराला दिला जातो.

बहुतेकदा चुकतो तो उपचार थांबवण्याचा दिवस. ठिपका गळून पडतो तेव्हा परजीवी मेलेला नसतो. माशाच्या अंगावर पोट भरून तो आता तळाशी पिल्ले करायला गेलेला असतो. 'बरा झाला' म्हणून आपण औषध बंद करतो, त्याच दिवशी औषधाची सर्वांत जास्त गरज असते. हे एकदा नीट समजले की पुढचे उपचार घोकावे लागत नाहीत.

ठिपक्याचे आयुष्य

इक (काही जण इच म्हणतात) म्हणजे इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिस नावाचा एकपेशीय परजीवी. तो माशाच्या कातडीवर बसत नाही. कातडीच्या आणि कल्ल्यांच्या पातळ थराखाली शिरतो आणि तिथेच वाढतो. दिसणारा ठिपका म्हणजे परजीवी आणि त्याच्यावर माशाच्या कातडीने धरलेले आवरण. म्हणूनच पाण्यात टाकलेले औषध ठिपक्यातल्या परजीवीपर्यंत पोचत नाही.

पूर्ण वाढ झाली, म्हणजे साधारण अर्धा ते एक मिलिमीटर, की तो कातडी फोडून बाहेर पडतो. काही तास पोहून रेतीवर, वनस्पतीच्या पानावर, काचेवर किंवा फिल्टरच्या स्पंजवर चिकटतो आणि स्वतःभोवती चिकट कवच करतो. कवचाच्या आत तो दोनाचे चार, चाराचे आठ असा विभागत जातो. एका कवचातून शेकडो, कधी हजारच्या घरात पिल्ले बाहेर पडतात. ही पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत. कोमट पाण्यात एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात, आणि औषध, मीठ यांचा खरा मार बसतो तो या उघड्यावर पोहणाऱ्या पिल्लांनाच.

या चक्राचा वेग पाण्याच्या तापमानावर ठरतो. २५-२६ अंशांना फेरी चार ते सात दिवसांत पुरी होते. १५ अंशांना दहा दिवस ते दोन आठवडे लागतात, आणि १० अंशांच्या आसपास महिन्याहून अधिक. थंड पाण्यात तीन दिवस औषध देऊन थांबणे का फसते ते इथेच कळते. त्या तीन दिवसांत बहुतेक परजीवी कातडीखाली किंवा कवचात सुरक्षित असतात.

आधी हा इकच आहे का ते बघा

रात्री खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च टँकच्या बाजूने, तिरका मारा. इकचे ठिपके सुटे, पांढरे, गोलसर आणि साधारण एकसारख्या आकाराचे असतात. पर आणि शेपूट पारदर्शक असल्यामुळे तिथे ते आधी दिसतात. मासा मधूनच झटका देऊन खडकाला, हीटरला, रेतीला अंग घासतो, पर आवळून धरतो, खाणे कमी करतो.

पुढच्या काही गोष्टी इकसारख्या दिसतात पण इक नसतात, आणि यांतल्या दोन ठिकाणी इकचा उपचार उलटतो.

गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या पराच्या पहिल्या काट्यावर ओळीने बारीक पांढरे उंचवटे असतील, बाकी अंग स्वच्छ असेल आणि मासा मजेत खात असेल तर तो नर आहे आणि वयात आला आहे. काहीही करू नका. दरवर्षी कितीतरी धडधाकट नर मासे या गैरसमजापायी औषधात बुडवले जातात.

अंगावर सोनेरी किंवा गंजासारखी बारीक पूड भुरभुरल्यासारखी दिसत असेल, टॉर्चच्या प्रकाशात ती चमकत असेल, तर तो वेल्वेट. त्याचे कण इकपेक्षा खूप बारीक असतात आणि माशाचा श्वास फार लवकर वाढतो. याचा परजीवी प्रकाशावरही अन्न बनवतो, म्हणून उपचारांच्या जोडीने टँक झाकून अंधार करतात.

तोंडाभोवती कापसासारखा पांढरट थर किंवा पाठीवर खोगीर टाकल्यासारखा फिकट पट्टा असेल तर तो बहुधा कॉलमनॅरिस, म्हणजे जिवाणूंचा संसर्ग. इथे पाणी तापवणे घातक आहे. उष्णतेत हे जिवाणू भराभर वाढतात आणि मासा दोन दिवसांत जाऊ शकतो.

एपिस्टायलिस, हाही एक एकपेशीय जीव, ओळखायला कठीण. त्याचे ठिपके लहान-मोठे, कातडीतून वर आलेले, कडेने लव असल्यासारखे असतात, आणि कधी थेट डोळ्याच्या बुबुळावर दिसतात. बुबुळावर ठिपका दिसला की इकऐवजी याचा विचार आधी करा. घाण साचलेल्या टँकमध्ये हा येतो आणि त्याच्या जोडीला जिवाणू असतात, म्हणून इथेही तापमान वाढवायचे नाही. पाणी स्वच्छ करणे आणि मीठ यांवर भर द्यायचा. फुलकोबीच्या तुऱ्यासारखी मोठी, वेडीवाकडी गाठ असेल तर ती लिम्फोसिस्टिस या विषाणूची. तिला औषध नाही, पण स्वच्छ पाण्यात ती पुष्कळदा आपोआप जाते.

ठिपके अजिबात नसतानाही इक असू शकतो. परजीवी आधी कल्ल्यांत शिरले तर मासा नुसता धापा टाकतो, पृष्ठभागाशी किंवा फिल्टरच्या धारेजवळ उभा राहतो. आठवड्यापूर्वी नवा मासा आणला असेल आणि पाण्याची तपासणी चांगली येत असेल तर ही शक्यता मनात ठेवा. घरात किंवा ओळखीत सूक्ष्मदर्शक असेल तर नुकत्याच मेलेल्या माशाच्या पराचा तुकडा लगेच बघा. शंभर पट मोठे केल्यावर हळूहळू गोल फिरणारी मोठी पेशी आणि तिच्यात घोड्याच्या नालेच्या आकाराचे केंद्रक दिसले की शंकेला जागा उरत नाही. उशीर करू नका. मासा मेला की परजीवी त्याला सोडून निघतात. त्याच कारणाने मेलेला मासा टँकमध्ये तासभरही राहू देऊ नये.

सगळेच मासे एकदम आजारी? मग पाणी तपासा

आजार एकापासून सुरू होऊन पसरतो. रात्री ठीक असलेले सगळे मासे सकाळी एकदम धापा टाकत असतील तर गुन्हेगार पाणी आहे: अमोनिया, क्लोरीन किंवा प्राणवायूची कमतरता. थेंबांचा टेस्ट किट घ्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही ० असायला हवेत, नायट्रेट ४० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली असावे. तपासणीच्या कागदी पट्ट्यांवर विसंबू नका, त्यातल्या कित्येकांत अमोनिया मोजण्याची सोयच नसते.

अमोनिया किती विषारी ठरेल ते पीएच आणि तापमानावर अवलंबून असते. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो, आणि पाणी ३० अंशांपर्यंत तापवले की आणखी वाढतो. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी वापरणाऱ्यांनी हे विसरू नये. अमोनिया शून्यावर न आणता टँक तापवला तर इकच्या आधी अमोनियाच मासा मारतो.

म्हणून पहिल्या दिवशी औषधाची बाटली बाजूला ठेवा. तळाची रेती सायफनने ओढत ३० टक्के पाणी काढा आणि तितकेच, तापमानात एका अंशापेक्षा जास्त फरक नसलेले, क्लोरीन काढलेले पाणी भरा. क्लोरीनसाठी हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे वापरत असाल तर १० ग्रॅम खडे १०० मिलीलिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा आणि दर १० लिटर नळाच्या पाण्याला त्यातले १ मिलीलिटर घाला. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येत असेल तर दीड मिलीलिटर घाला. एक दिवस उघडे ठेवल्याने साधे क्लोरीन उडते, पण बादलीत एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडला तरच ते खात्रीने होते.

फिल्टरमध्ये कोळशाची पिशवी असेल तर ती काढून टाका. औषध घालायचे आणि कोळशाने ते शोषून घ्यायचे, हा प्रकार 'औषध लागू पडत नाही' या तक्रारीमागे वारंवार सापडतो. स्पंज मात्र या दिवशी धुऊ नका. त्यातले जिवाणूच अमोनिया खातात. पुढे कधी धुवायचा तेव्हाही टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली नको.

टँक खरोखर किती लिटरचा आहे

दोन फुटी टँक म्हणून विकला जाणारा २४ × १२ × १५ इंचाचा टँक दुकानात ७० लिटरचा सांगतात. बाहेरच्या मापाने, काठोकाठ भरला तर तो तितका होतोही. पण आतून मोजला तर लांबी ६०, रुंदी ३० सेंटिमीटरच्या आसपास येते. पाणी काठाच्या खाली असते आणि तळाला पाच सेंटिमीटर रेती असते, म्हणजे पाण्याची खोली राहते २८ सेंटिमीटर. ६० × ३० × २८ भागिले १,००० म्हणजे ५०.४ लिटर. रेतीच्या फटींत दोन-तीन लिटर धरले तरी दगड आणि शोभेच्या वस्तू तेवढीच जागा व्यापतात. धरून चाला ५० लिटर. ७० च्या हिशेबाने औषध दिले तर मात्रा ४० टक्क्यांनी जास्त होते. मॅलाकाइट ग्रीनसारख्या औषधात एवढा फरक जिवावर बेततो. पुढची सगळी उदाहरणे ५० लिटरची आहेत.

उष्णता आणि मीठ

गप्पी, मॉली, प्लॅटी, एंजल, गुरामी, बार्ब यांच्या टँकमध्ये इकवर पहिला उपचार हाच. स्वस्त आहे, फिल्टरचे जिवाणू मारत नाही, आणि बहुतेक वेळा पुरतो.

हीटरवर दर लिटरला एक वॉट हा साधा अंदाज आहे. कोकणपट्टीत ५० लिटरला ५० वॉटचा चालतो. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात, जिथे रात्री टँकचे पाणी २० अंशांच्या खाली जाते, तिथे १०० वॉटचा घ्या. हीटरच्या चकतीवरचा आकडा खरा मानू नका, टँकच्या दुसऱ्या टोकाला वेगळा थर्मामीटर लावा. तापमान दर पाच-सहा तासांना एक अंश या गतीने वाढवा. २६ वरून ३० ला पोचायला एक पूर्ण दिवस लागला पाहिजे. ३० अंशांना इकच्या बहुतेक जातींना वाढता येत नाही. काही जाती उष्णतेलाही दाद देत नाहीत, म्हणूनच जोडीला मीठ.

गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो. २५ अंशांना पाणी लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर प्राणवायू धरू शकते, ३० ला साडेसातच्या आसपास. आकडा लहान वाटेल, पण ज्या माशाचे कल्ले परजीवींनी भरले आहेत त्याला तोच जड जातो. एअर पंप चोवीस तास चालू ठेवा, फिल्टरची धार पृष्ठभागावर पडू द्या. भारनियमनाच्या भागात बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असलाच पाहिजे.

मीठ साधे जाडे, खडे मीठ घ्या. आयोडीनच्या मिठाने मासा मरत नाही, त्यातले आयोडीन अगदी किंचित असते, पण जाडे मीठ स्वस्त पडते आणि त्यात दुसरे काही मिसळलेले नसते. काळे मीठ नको. मात्रा लिटरला २ ग्रॅम, म्हणजे ५० लिटरला १०० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. चमच्याने मोजले तर खड्यांच्या आकाराप्रमाणे कमी-जास्त होते. टँकमधलेच पाणी मगात घेऊन त्यात मीठ पूर्ण विरघळवा आणि तीन हप्त्यांत, बारा-बारा तासांनी, फिल्टरच्या धारेत ओता. कोरडे खडे तळाशी टाकले तर तिथे बसलेला मासा भाजतो आणि वनस्पतीची मुळे जळतात.

मिठाच्या हिशेबात दोन चुका सर्रास होतात. पाणी उडून पातळी खाली गेली की मीठ उडत नाही, ते टँकमध्येच राहते. अशा वेळी साधे पाणी भरा. पाणी बदलताना मात्र जेवढे काढले तेवढ्यापुरतेच मीठ परत घाला. १५ लिटर काढले तर ३० ग्रॅम, पुन्हा १०० नव्हे. आणि मिठाचे पाणी वीज चांगली वाहते, म्हणून हात घालण्याआधी हीटर, पंप, दिवा सगळ्यांची बटणे बंद करून पिना काढा. पाणी उपसताना हीटर चालू राहिला तर तो उघडा पडून तडकतो, तो धोका वेगळाच.

दर दिवसाआड २५ टक्के पाणी रेती ओढत बदला. हे नुसत्या स्वच्छतेसाठी नाही. तळाला चिकटलेली कवचे या ओढण्यात बाहेर जातात, आणि एक कवच गेले म्हणजे शेकडो पिल्ले गेली. खाणे दिवसातून एकदा, एका मिनिटात संपेल इतकेच. मासा धापा टाकत असेल तर दोन दिवस काहीच नको.

पहिल्या दोन-तीन दिवसांत ठिपके वाढलेले दिसतील. घाबरू नका. कातडीखाली आधीच शिरलेले परजीवी उष्णतेत लवकर वाढतात आणि एकदम दिसू लागतात. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ते गळतात. आता थांबायचा मोह होतो, आणि याच जागी सगळे फसतात. शेवटचा ठिपका दिसला तो दिवस कॅलेंडरवर लिहा. त्यानंतर पूर्ण सात दिवस उष्णता आणि मीठ तसेच ठेवा. एकूण उपचार दहा दिवसांपेक्षा कमी होऊ नये, चौदा झाले तर उत्तम. मधे एक जरी नवा ठिपका दिसला तरी सात दिवसांची मोजणी पहिल्यापासून. शेवटी तापमान दिवसाला एक-दोन अंशांनी उतरवा आणि मीठ नेहमीच्या पाणीबदलांतून हळूहळू जाऊ द्या.

गोल्डफिश, सकर आणि लोच

गोल्डफिश थंड पाण्याचा मासा. त्याला दोन आठवडे ३० अंशांत ठेवू नका. तापमान २६-२७ वर स्थिर ठेवा आणि मीठ लिटरला ३ ग्रॅमपर्यंत न्या, म्हणजे ५० लिटरला १५० ग्रॅम. गोल्डफिशला एवढे मीठ सहज सोसते. फेरी थोडी सावकाश चालणार म्हणून उपचार पूर्ण चौदा दिवस, आणि शेवटच्या ठिपक्यानंतर दहा दिवस. पाच लिटरच्या काचेच्या बाऊलमध्ये हे जमत नाही. तिथे तापमान दिवसभर खाली-वर होते आणि अमोनिया एका रात्रीत चढतो. बाऊलमधला मासा निदान २५-३० लिटरच्या टबात हलवून मगच उपचार सुरू करा.

क्लाउन लोच, कुली लोच, कोरीडोरा आणि सकर यांच्या अंगावर खवले नसतात, फार बारीक असतात किंवा त्यांच्या जागी हाडांच्या पट्ट्या असतात, आणि औषध-मीठ त्यांना झोंबते. क्लाउन लोचला तर इक इतरांच्या आधी होतो. या माशांसाठी मीठ लिटरला १ ग्रॅमच्या वर नको, पण उष्णता क्लाउन लोचला मानवते. त्याच्या बाबतीत ३० अंशांवर भिस्त ठेवा. कोरीडोराच्या कित्येक जातींना इतकी उष्णता नको असते, त्यांना २८ वर थांबवा आणि रोज पाणी बदला. व्हॅलिस्नेरियासारख्या वनस्पती ३ ग्रॅम मिठात कुजतात. त्या काढून वेगळ्या बादलीत, २६ अंशांच्या वर, माशांशिवाय, दोन आठवडे ठेवल्या तर मासा न मिळाल्याने इक तिथेच संपतो.

औषध कधी द्यायचे

उष्णता-मीठ सुरू करून पाच-सहा दिवस झाले तरी रोज नवे ठिपके येत असतील, किंवा पहिल्याच दिवशी मासे ठिपक्यांनी भरून धापा टाकत असतील, तर औषध. इकवर चालणारे औषध म्हणजे मॅलाकाइट ग्रीन, एकटे किंवा फॉर्मेलिनबरोबर. बाटलीवरचे घटक वाचा, नुसता रंग बघून घेऊ नका. निळे औषध हे बहुधा मिथिलीन ब्लू असते. अंड्यांच्या बुरशीला ते उपयोगी आहे, पण इकवर कमजोर पडते आणि फिल्टरचे जिवाणू मारते. मग इकच्या जोडीला अमोनियाही वाढतो. सिलिकॉनचे सांधे कायमचे निळे होतात ते वेगळे.

मात्रा बाटलीवर लिहिल्याप्रमाणे, आपण काढलेल्या खऱ्या लिटरच्या हिशेबाने. खवले नसलेले मासे आणि लहान टेट्रा असतील तर निम्मी. प्रत्येक मात्रेआधी २५ टक्के पाणी बदला. किती दिवसांनी पुन्हा द्यायचे ते बाटलीवर पाहा, पण शेवटच्या ठिपक्यानंतरही मात्रा चालू राहिली पाहिजे. टँकचा दिवा बंद ठेवा, प्रकाशात मॅलाकाइट ग्रीन लवकर निकामी होते. औषध देताना पाणी २८ अंशांच्या वर नेऊ नका. फॉर्मेलिन पाण्यातला प्राणवायू खाते, आणि गरम पाण्यात तो आधीच कमी असतो. फॉर्मेलिनच्या बाटलीत तळाला पांढरा गाळ दिसला तर ती फेकून द्या, तो गाळ माशांना फार विषारी असतो. हातमोजे घाला, बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. तांबे असलेले औषध गोगलगाय आणि झिंगे मारते, त्यांच्या टँकमध्ये ते कधीच नको.

टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल फोडून टँकमध्ये टाकणे हा सर्रास चालणारा उपाय इथे निरुपयोगी आहे. इक हा जिवाणू नाही, प्रतिजैविकाने तो मरत नाही. शिवाय जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम टेट्रासायक्लिनला बांधून ठेवतात, म्हणजे जिवाणूंवरही त्याचा धड परिणाम होत नाही. पाणी पिवळे-तपकिरी होते आणि फिल्टर बिघडतो, इतकेच.

परत आलाच, तर कुठून आला

टँक दोन आठवडे माशांशिवाय २६ अंशांच्या वर राहिला तर त्यात इक उरत नाही. तेव्हा 'रेतीत लपून बसला होता, सहा महिन्यांनी उठला' ही कल्पना सोडून द्या. तो बाहेरून येतो, किंवा एखाद्या माशाच्या कल्ल्यांत थोडा थोडा टिकून असतो. इक होऊन वाचलेल्या माशांत काहीशी प्रतिकारशक्ती येते. त्यांच्या अंगावर दिसण्यासारखे काही नसते, पण नवा मासा आला की त्याला चार दिवसांत ठिपके येतात. जुने ठणठणीत, नवा आजारी, म्हणून दुकानाला दोष जातो. दोन्ही शक्यता खऱ्या असू शकतात, आणि दोन्हींवर उपाय एकच: नवा मासा तीन आठवडे वेगळा.

त्यासाठी काचेचा टँक लागत नाही. २५ लिटरचा प्लॅस्टिकचा टब, मुख्य टँकमध्ये महिनाभर चालवलेला स्पंज फिल्टर, छोटा हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा. रेती नको. तापमान २७. या तीन आठवड्यांत इकच्या तीन फेऱ्या होतात आणि काही असेल तर दिसतेच. पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवा, मग मासा जाळीत घेऊन सोडा. पिशवीतले पाणी टबातही ओतू नका, मोरीत ओता. टबाची जाळी, पाइप, बादली वेगळी ठेवा. एकच जाळी दोन्हीकडे वापरायची वेळ आली तर ती मधे पूर्ण दिवस उन्हात कडकडीत वाळवा, कोरडे झाले की इकची कवचे मरतात. दुकानातून आणलेल्या वनस्पतींवर आणि गोगलगायींवरही कवचे चिकटून येतात, म्हणून त्यांनाही तेच दोन आठवडे.

दुसरे कारण तापमानाचे हेलकावे. थंडी बसली की माशाची प्रतिकारशक्ती उतरते आणि कल्ल्यांत थोडा असलेला परजीवी डोके वर काढतो. आपल्याकडे याचे ठरलेले काळ आहेत: जुलै-ऑगस्टची सलग झड, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या रात्री, आणि मोठ्या शहरांत बारा महिने एसीची खोली. रात्री एसी २२ वर आणि दिवसा खिडक्या उघड्या, असे असेल तर लहान टँकचे पाणी रोज चार-पाच अंशांनी खाली-वर होते. अशा खोलीत हीटर मे महिन्यातही लावलेला हवा. २५-२६ वर ठेवून द्या. बाहेर गरम असेल तेव्हा तो आपोआप बंदच राहील. टाकीतले थंड पाणी थेट टँकमध्ये सोडण्याची सवयही हिवाळ्यात असेच काम करते. पाणी बदलण्याआधी बादलीत थोडे गरम पाणी मिसळून थर्मामीटर बुडवून बघा.

घरात दोन टँक असतील आणि एकात इक असेल तर आधी निरोगी टँकची कामे करा, मग आजारी टँकची, आणि शेवटी हात साबणाने कोपरापर्यंत धुवा. आजारी टँकचे पाणी, वनस्पती आणि नकोसे झालेले मासे विहिरीत, तळ्यात किंवा नदीत सोडू नका. तिथल्या माशांना इक तसाच लागतो, आणि तिथे हीटर लावायला कोणी नसते.